गादीवाली दुबई

सोलापुरात, आमच्या भवानी पेठेत दुबई गच्चीवर आहे. बसण्णांच्या गच्चीवर. तिथं दोन खुर्च्या असतात. गादीवाली ती दुबई आणि एक पाय डुगडुगणारी ते सोलापूर. रोज संध्याकाळी बसण्णा डुगडुगत्या खुर्चीत बसतात, मला गादीवर बसवतात आणि म्हणतात, "हं सर, पटवा मला."

बसण्णा टॉवेलचे कारखानदार. बायको वारली, एकुलती एक लेक दुबईत. तिचं म्हणणं, माग विका, इथं फ्लॅट घ्या, फ्लॅटच्या जोरावर दहा वर्षं राहायची परवानगी मिळते. दिवाळीपर्यंत काय ते सांगा. पण बसण्णांना घाई ठाऊक नाही. नव्या नमुन्याचा टॉवेलसुद्धा आधी महिनाभर स्वतःच्या खांद्यावर वागवतात, मगच बाजारात सोडतात.

तर मी दुबईचा वकील.

"अण्णा, तिथं पाणी रोज येतं."

"लई वाईट! रोज पाणी आलं तर 'आज पाणी हाय का?' म्हणून शेजारी कशाला डोकावंल?"

"रस्त्यात खड्डे नाहीत."

"मग ड्रायव्हरला झोप लागंल की!"

"नातू जवळ राहील."

इथं बसण्णा "मुद्द्याचं बोला की सर," म्हणून चहा मागवायचे.

परवा वर गेलो तर बसण्णा गादीवर बसलेले! "आज तुमी सोलापूर," म्हणाले आणि सुटले. चांगले दवाखाने, नातू, लेकीच्या हातची भाकरी. एकही मुद्दा खोडता येईना. "आता लेकीचा फोन येईल. व्हय म्हणून टाकतो. बोला, तुमचं काय म्हणणं हाय?"

मी डुगडुगत विचार करू लागलो. ऊन? धूळ? सगळा जन्म या गावात गेला आणि ऐन वेळी त्याच्या बाजूनं एक शब्द सुचेना. मला भयंकर राग आला.

"जावा की खुशाल!" मी म्हणालो. "फक्त रोज संध्याकाळी मी कुठं जाऊ, तेवढं सांगून जावा."

खाली माग खडखडत होते. तेवढ्यात फोन वाजला. निम्मं कन्नड, निम्मं मराठी असं त्यांचं बोलणं झालं. मला कळलं ते एवढंच, "येतो की गं, नातवाला बघायला येतो. राहायला न्हाय. हितं जाऊ नको म्हणणारं माणूस हाय."

फोन ठेवून त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. जरा जास्तच वेळ पुसलं.

"उठा सर," ते म्हणाले. "ती माझी खुर्ची हाय."