लाव्हाग्रस्त

"मॅडम, उद्या दुपारी नकाशा तुमच्या हातात! शब्द आहे माझा!"

साकिबनं फोनवर छाती फुगवून सांगितलं. तहरीम मॅडम त्याच्या पीएचडीच्या गाईड. मुदत वाढवून वाढवून त्या बिचाऱ्या टेकीला आल्या होत्या. "उद्या मी स्वतः तिथं येते. नकाशा नसला तर दुसरा गाईड शोध," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नकाशा हवा होता देवगाव रंगारीजवळच्या एका टेकडीचा. तिथला काळा खडक म्हणजे उतू गेलेल्या दुधासारखा पसरलेला लाव्हा! तो कुठून आला, थरावर थर कसे चढले, हे साकिब ड्रोनच्या फोटोंवरून शोधणार होता. त्यासाठी संध्याकाळी त्यानं खडकावर चुन्याच्या चार-पाच फुल्या मारल्या. फोटो या खुणांवर बरोबर बसवले की नकाशा तयार!

मुक्काम टेकडीचे मालक तात्यासाहेबांकडे.

"कशाच्या खुणा म्हणायच्या ह्या?" तात्यांनी विचारलं.

"मोजणीच्या, तात्या," म्हणून पठ्ठ्या जेवला आणि घोरायला लागला.

आता मोजणी म्हटल्यावर गावाला झोप लागते होय? मोजणी म्हणजे रस्ता, रस्ता म्हणजे जमीन जाणार, आणि जमीन गेली की भरपाई! फुली असेल तिथं भरपाई, असा हिशेब गावानं परस्पर लावून टाकला.

सकाळी ड्रोन उडाला आणि साकिबचे डोळे पांढरे झाले. जिकडेतिकडे फुल्या! गोठ्याच्या पत्र्यावर, विहिरीच्या काठावर, कडब्याच्या गंजीवर. तात्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी तर अंगणात फुली काढून तिच्यात हळदकुंकूही भरलं होतं. साकिबची स्वतःची फुली कुठली, ते त्यालाच ओळखेना. तेवढ्यात एक फुली चालायला लागली.

"तात्या, म्हशीवर फुली कुणी मारली?"

"मीच. तिला पण धरा की मोजणीत! दुभती हाय!"

संगणकानं सगळ्याच फुल्या खऱ्या मानल्या. नकाशा निघाला. त्यात लाव्हा पायथ्यापासून टेकडी चढला, विहिरीला वळसा घालून हौदावर पाणी प्यायला आणि गोठ्यात जाऊन बसला!

साकिब रडकुंडीला आला. गाव गोळा करून ओरडला, "अहो, रस्ता-बिस्ता काही नाही! इथं लाव्हा आला होता, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी!"

तात्या गर्दीतून पुढं आले.

"आमच्या रानात आलता?" तात्यांनी विचारलं.

"हो, तात्या."

"समद्यांच्या?"

"समद्यांच्या!"

"मग भरपाई कुणी उचलली?"

"तेव्हा माणूसच नव्हता, तात्या!"

तात्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे अजून बाकीच हाय की!"

दुपारी मॅडमची गाडी आली, तेव्हा 'लाव्हाग्रस्त कृती समिती' रस्ता अडवून बसली होती. मॅडम उतरल्या. "साकिब, नकाशा?"

साकिब म्हशीच्या आड सरकला. पण गाव एका सुरात गरजलं, "कुणाच्या रानात किती लाव्हा, त्याचा नकाशा झाल्याबिगर ह्या पोराला आम्ही सोडणार नाय!"

आजवर साकिबच्या संशोधनाची वाट बघणारं एक माणूस भेटलं नव्हतं. आज अख्खं गाव बसलं होतं! मॅडमनी गर्दीकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं. मग साकिबला बाजूला घेतलं.

"मुदत वाढवते," त्या हळूच म्हणाल्या, "पण नकाशा पैठणपर्यंत ने. तिथं आमचंही रान आहे. वर गाळ दिसतो रे, पण खाली लाव्हाच आहे!"