एका 'द'च्या अलीकडे

आमच्या माकुणसारच्या राऊत सरांसमोर कुणी 'नेक्स्ट वीक' म्हटलं, की ते हातातली बशी खाली ठेवतात आणि विचारतात, "आधी 'द' आहे की नाही?"

सर शाळेतून निवृत्त झाले, पण इंग्रजीतला तो एवढासा 'द' काही निवृत्त झाला नाही. मी त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता शेजारी, त्यामुळे माझी दोन्हीकडून सुटका नाही. एकदा तापातून उठल्यावर मी ऐटीत म्हणालो, "सर, फॉर द लास्ट वीक आय हॅव बीन इल." सरांनी खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे अजून आजारी आहेस. लांब बस. बरा झाला असशील तर 'लास्ट वीक आय वॉज इल' म्हण आणि चहा घे." मी 'द' काढला. चहा मिळाला.

मासळीवाली हिराबाई तर सरांच्या वरताण. सरांनी बोंबील हुंगायला घेतले की म्हणते, "सर, कालचेच हाय. द कालचे नाय!" सर खूश होऊन घासाघीस न करता घेतात.

संध्याकाळी ओट्यावर मात्र त्यांचा आवाज मऊ होतो. समोरच्या चिकूच्या वाडीत उजेड विरत असतो. "बघ," ते म्हणतात, "'नेक्स्ट वीक' आपल्या पायाशी सुरू होतो. 'द' लावलास, की तो दुसऱ्याच कुठल्या तरी आठवड्यापलीकडे जाऊन उभा राहतो." मला पेंग येते, आणि तरी उठवत नाही.

बायको गेल्यापासून सर घरात एकटेच असतात. यंदा त्यांचा मुलगा समीर कॅनडाहून बऱ्याच वर्षांनी येणार होता.

परवा मी बोईसरहून कामावरून परतलो, तर केळवे रोडच्या फलाटावर सर बसलेले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. "समीर येतोय," म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला. मेसेज मागच्या आठवड्यातला होता: 'लँडिंग नेक्स्ट वीक. होम द नेक्स्ट वीक.' बापाच्या शिकवणीला जागून मुलाने नेमकं लिहिलं होतं. या आठवड्यात मुंबईला उतरणार, घरी येणार त्याच्या पुढच्या आठवड्यात.

"सर," मी हळूच म्हणालो, "इथे 'द' आहे."

"हाय रे," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून गावची बोली मी पहिल्यांदाच ऐकली. "पन घाईत पडला असंल. पोरं आता कुठं एवढं बघतात?"

समीरचा 'द' कधी चुकत नाही, हे मला माहीत होतं. सरांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं. घरी चला म्हणायचं धाडस काही झालं नाही, म्हणून मी त्यांच्या शेजारी बसलो. रुळांपलीकडे मिठागरांवर धूसर संध्याकाळ उतरत होती.

मुंबईकडून गाडी आली, तेव्हा आम्ही दोघेही उठून उभे राहिलो.