दातानं काढलेला फोटो

लकवा मारला तेव्हा माझा उजवा हात गेला आणि घरचे धरून चालले की कॅमेराही गेला. कॅमेरा कुठे गेला नव्हता. कपाटात होता.

नात गीतांजलीचं साक्षगंध ठरलं. मुलगा अमोल माझ्यासमोरच बसून अनुप फोटोवाल्याला फोन लावू लागला. अर्ध्या मूर्तिजापूरची लग्नं मी काढली आहेत. (फोटो काढले, एवढंच. लग्नं टिकली की नाही ते माझ्याकडे नव्हतं.)

"फोन ठेव," मी म्हणालो. "अंगठीचा फोटो मी काढीन. पोरीला तिच्या लहानपणीच शब्द दिला आहे."

"काढणार कायनं, बाबा?"

प्रश्न साधा होता. मला झोंबला.

दुसऱ्या दिवशी चाकाची खुर्ची ढकलत लीलाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला गयासुद्दीन वेल्डरकडे नेलं. त्यानं स्कूटरच्या आरशाचा दांडा खुर्चीच्या हाताला जोडला आणि दांड्यावर कॅमेरा बसवला. डाव्या हातानं ढकलला की कुठेही फिरे. राहिलं बटन. दवाखान्यातून येताना सलाईनची नळी पिशवीत आली होती. तिच्या एका टोकाला इंजेक्शनची सुई काढलेली पिचकारी लावली, ती बटनावर बांधली. दुसऱ्या टोकाला बीपीच्या मशीनचा रबरी फुगा. फुगा दातात धरायचा. चावला की पिचकारी सरकते, बटन दबतं.

गयासुद्दीन म्हणाला, "काम पक्कं आहे, चाचा. पण तोंड बंद ठेवा लागन. जमन का?"

"भाऊ," लीलाबाई मागून म्हणाली, "हे मशीन लग्नाच्या साली काहून नाही बनवलं?"

घरी येऊन पहिला फोटो तिचाच काढला. डोळे मिटलेले आले. म्हणे, "तुमी गप बसले, मले झोप लागली."

मग मी घरात हुकूम काढला. पाहुण्यांसमोर माझ्या हाताची गोष्ट कोणी काढायची नाही. विचारलं तर 'ठीक आहेत' म्हणायचं, बस. कोणाची कीव मला खपत नाही.

साक्षगंधाच्या दिवशी अचलपूरहून पाहुणे आले. मी पाटासमोर खुर्ची लावून तयार बसलो होतो. लुळ्या हातावर शाल. तोंडात फुगा, फुग्याला नळी, नळीला पिचकारी. नवऱ्या मुलाचे वडील खुशालराव मला पाहून दारातच थबकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आबाजीचं कसं काय?" त्यांनी अमोलला विचारलं.

अमोलनं भीत भीत माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "ठीक आहेत."

आमच्या भागात धडधाकट माणसाला कोणी असं 'ठीक' म्हणत नाही.

"नळीवर आहेत," खुशालरावांनी बायकोला सांगितलं.

"अन् तो कॅमेरा काहून लावला?"

"दवाखान्यात डॉक्टरले दिसत असन. आता निघालं तसं."

मी सगळं ऐकत होतो. उत्तर द्यायचं तर फुगा सोडावा लागणार. खाली पडला तर वाकून उचलता येत नाही, आणि पाहुण्यांसमोर 'उचलून दे' म्हणायचं तर हाताची गोष्ट निघणार. अंगठीची वेळ जवळ आली होती. मी गप राहिलो. (जन्मात पहिल्यांदा.)

मग एकेक पाहुणा माझ्या पाया पडायला आला. पाया पडायचं तर कॅमेऱ्यासमोरच वाकावं लागे. प्रत्येक वेळी राग येई, रागानं दात आवळले जात आणि फोटो निघे. टकलं, भांग, अंबाडे. साक्षगंध मागे राहिलं.

खुशालरावांनी अमोलला बाजूला घेतलं. "लग्न ह्याच पंधरवड्यात उरकू. सुतक आलं तर वरीस जाईन."

"कोणाचं सुतक?"

त्यांनी अमोलची पाठ थोपटली. अमोलला वाटलं, व्याही फार प्रेमळ मिळाले.

अंगठी आली. गीतांजलीनं बोट पुढे केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आबाजी, घालू देऊ?"

मी मान हलवली. कॅमेरा नेमका धरला. तेवढ्यात खुशालराव मधे येऊन माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. कॅमेऱ्यासमोर त्यांचं पोट. मी डोळ्यांनी खूण केली, बाजूला व्हा. पुन्हा केली.

"डोळे फिरवून राहिले," ते म्हणाले.

मग मात्र मी फुगा थुंकला. मला 'सरक' म्हणायचं होतं. त्याआधीच कोणीतरी ओरडलं, "नळी निघाली!"

सगळं घर माझ्या अंगावर आलं. खुर्ची कलली, दांडा गर्रकन फिरला. विहीणबाई धावत आल्या, तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घेऊन. माझं तोंड शिवी द्यायला उघडलेलंच होतं. शिवी पाण्याबरोबर पोटात गेली. विधी सांगायला आलेले महाराज मोठे व्यवहारी. "वेळ टळते, अंगठी घाला," म्हणाले. पाठींच्या भिंतीपलीकडे गीतांजलीच्या बोटात अंगठी गेली. मला टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. त्याही अर्ध्यात थांबल्या. अशा वेळी टाळ्या बऱ्या दिसेनात.

मला खोकला आला आणि मग ती राहिलेली शिवी बाहेर पडली. तेव्हा लोकांची खात्री पटली की म्हातारा काही मरत नाही. खुशालराव जेवताना पोट धरून हसले. लग्नाची तारीख मात्र पंधरवड्यातलीच ठेवली. धोका नको म्हणून.

"जाऊ द्या, आबाजी," गीतांजली म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

लग्नाला अनुप ठरला. त्यानंच माझ्या कॅमेऱ्यातले फोटो काढून दाखवले. डोकी, डोकी, पोट. आणि शेवटचा एक. दांडा फिरून कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे झालं होतं आणि खाली पडलेल्या फुग्यावर खुशालरावांचा पाय पडला होता. फोटोत मी एकटा. मान ताठ, नजर करारी, ओठावर तुळशीचं पान. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस, घरात माझा एकही फोटो नव्हता. अनुपनं कॉम्प्युटरवर पान पुसलं. लीलाबाईनं फोटो मोठा करून फ्रेम करून आणला.

मी नीट पाहिला. चूक दिसली, ती सांगणं भाग होतं.

"डोक्यावर जागा फार सुटली आहे."

लीलाबाई पदरानं काच पुसत होती. म्हणाली, "हाराले लागते ना."