धार कशी हाय?

आमच्या कॉलनीतले माणिकराव भेटले की आधी राम राम करतात आणि लगेच विचारतात, "धार कशी हाय?" समोरचा पुरुष पन्नाशीच्या पुढचा असला की झालं. मग तो लग्नाच्या मांडवात अक्षता घेऊन उभा असो, नाहीतर हदगावच्या गाडीची वाट बघत असो. लघवीची चौकशी एवढ्या मोठ्याने करणारा दुसरा माणूस नांदेडात नसेल. बायका तोंडाला पदर लावतात, पुरुषांना नेमका तेव्हाच फोन येतो.

माणिकरावांचा जन्म नांदेड-लातूर रस्त्यावर एस.टी. चालवण्यात गेला. त्यांचं म्हणणं एकच. "तपासल्याबिगर गाडी डेपोच्या भाईर काढतेत का? मग मानसालाच का तसं सोडून देतेत?"

मी त्याच डेपोतला कंट्रोलर. स्टँडवरच्या भोंग्यातून 'प्रवाशांनी लक्ष द्यावे' म्हणणारा आवाज माझा. आवाज खणखणीत, हिंमत पावशेर. माझी धार केव्हाच बिघडली होती. मी गोखरूचा काढा पीत होतो, भोपळ्याच्या बिया चघळत होतो, दिवस मावळल्यावर पाणी बंद करत होतो. बायकोने विचारलं की "उष्णता झालीय" म्हणायचो. ती बिचारी मला सब्जा पाजायची, आणि मला आणखी उठावं लागायचं. माणिकराव लांबून दिसले की मी गल्ली बदलायचो.

पण घरात गल्ली कुठून आणणार? अधिक महिन्यात जावई धोंड्याच्या जेवणाला आले, सोबत चाकूरचे व्याही. सगळे पाटावर बसलेले, बायको धोंड्यांवर तूप वाढतेय, आणि शिडी परत द्यायला आलेले माणिकराव दारातून विचारतात, "साहेब, धार कशी हाय?"

तुपाची वाटी हवेतच थांबली. जावई पानातल्या मिठाकडे बघू लागले. मी भोंग्यातल्या आवाजात जाहीर केलं, "उत्तम!" आणि तेवढ्यात मला उठावं लागलं.

परत आलो तर व्याही पाटावर नव्हते. फाटकापाशी माणिकरावांच्या कानाला लागले होते. पंधरवड्याने त्यांचा फोन आला, "इवाई, लातूरला दाखवून आलो. नुसती सूज हाय म्हणले, गोळ्या चालू हायेत. लई बरं वाटून राहिलंय." मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. व्याही पुढे गेले आणि मुलीचा बाप काढाच पीत बसला!

त्या रागात मी माणिकरावांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तिथे माझा आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, "जरा मोठ्याने बोला." शेवटी माझ्या सगळ्या तक्रारी माणिकरावांनीच सांगितल्या, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातील अशा. डॉक्टरांनी बोट घालून तपासलं. तो प्रसंग मी इथे लिहीत नाही, भोंग्यातूनही सांगणार नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का? बापाला, भावाला? असेल तर त्रास नसला तरी तपासून घ्यावं लागतं." मी नाही म्हणालो. प्रत्येक उत्तर माझ्याआधी देणारे माणिकराव या प्रश्नाला मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

रक्त तपासून झालं, ग्रंथीचा तुकडा काढून तपासून झाला. कॅन्सर निघाला. पण डॉक्टर म्हणाले, गाठ अजून ग्रंथीच्या आतच आहे, वेळेवर आलात. ऑपरेशन झालं आणि मी लघवीची नळी, पिशवी घेऊन घरी आलो. माणिकराव रोज यायचे, माझ्या तोंडाकडे न बघता आधी पिशवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "रंग झ्याक हाय."

नळी निघायच्या आदल्या दिवशी मला ते कॅलेंडर आठवलं. मी विचारलं, "माणिकराव, तुमची धार कशी आहे?"

त्यांनी पहिल्यांदाच पिशवी सोडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हे मला कुनी इचारलंच न्हाई, साहेब."

मग थोरल्या भावाचं सांगितलं. भाऊ कंबर दुखते म्हणायचा, माणिकराव तेल चोळायचे. आजार हाडात उतरल्यावर कळलं. "लाजंपायी त्यो बोलला न्हाई. आन मी बी इचारलं न्हाई."

"मग तुम्ही तपासलंत का?"

"भ्याव वाटतंय." त्यांनी पिशवीची नळी उगाच सरळ केली. "बायको गेली, पोरं पुण्याला. मी आत गेल्यावर भाईर बाकावर कोन बसंल?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्या गावाची धार विचारणारा हा माणूस एका बाकासाठी अडला होता.

सकाळी पिशवी कापडी थैलीत घालून मी त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो आणि जुन्या आवाजात पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! दवाखान्याकडे जाणारी गाडी फाटकाला लागली आहे. माणिकरावांनी आपली धार तपासून—"

माणिकराव इस्त्रीचा शर्ट घालून धावत बाहेर आले, कानापर्यंत लाल.

"हळू बोला की साहेब! लोक ऐकून राहिलेत!"

दवाखान्यात त्यांचं नाव पुकारलं. आत जाताना त्यांनी वळून बाकाकडे पाहिलं. मी बसलेलो होतो.