रेवणप्पांचा कापलेला पगार

“आता मी जे सांगणार, त्यावर सगळ्या निलंग्यात एक माणूस विश्वास ठेवणार न्हाई,” म्हणत रेवणप्पांनी भाचीच्या हातातला फॉर्म ओढून घेतला.

मामाकडे राहणाऱ्या सुकन्याला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागून दोन महिने झाले होते. भविष्य निर्वाह निधीसाठी पगारातून बारा टक्के कापतातच. त्याहून जास्त किती कापायचे, ते आज लिहून द्यायचं होतं. एकदा दिलेला आकडा वर्षभर बदलत नाही. जास्त कापले तर स्कूटी लांबणार, न कापले तर पुढे म्हातारपण उभं. साडेनऊची बस गाठायची होती आणि मामा फॉर्म सोडत नव्हते.

“एक टक्का जास्तीचा लिहू नको, सुकन्या. मी लिहून फसलोय. कारखान्याच्या वजनकाट्यावर ऊस मोजायची आमची रीत काय? आधी भरलेली गाडी, खाली रिकामी गाडी, वजा करून निव्वळ माल. मी फॉर्म तसाच भरला. वर शंभर, खाली अठ्ठ्याऐंशी. उरले किती?”

“बारा.”

“तुला कळलं, हापिसातल्या त्या गाढवाला कळलं न्हाई. त्यानं वरचाच आकडा उचलला. सगळा पगार फंडात. एक तारखेला पाकिटात नुसती चिठ्ठी.”

“मग साहेबाला भेटायचं की, मामा.”

“भेटलो तर. म्हटलं, म्हातारपणी जेवायचं म्हणून आता उपाशी मरू का? तर म्हणतो, मार्चपर्यंत कळ काढा. जेवून, ढेकर देऊन सांगून राहिला मला.” संतापाने बशीतला चहा रेवणप्पांच्या धोतरावर सांडला. “मग काय, वाळलो. लई वाळलो. जानेवारीत ट्रकच्या काट्यावर उभारलो तर आकडा शून्यच. साहेब म्हणाला, काट्यावर कुणीच न्हाई. लावली गैरहजेरी आणि कापला त्या दिवसाचा पगार.”

“पण पगार तर मिळतच नव्हता. कापला कशातून?”

“हेच मी त्याला विचारलं, तर मला म्हणतो, गैरहजर माणसानं प्रश्न विचारायचे न्हाईत.”

सुकन्याला हसू फुटलं. तरी तिने मामांकडून फॉर्म घेतला, ‘जादा कपात’ या चौकटीवर पेन टेकवलं आणि शून्य काढायला सुरुवात केली. चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या गुणाबाईंचे हात थांबले.

“थांब ग, पोरी.” त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुमचा फंड कधी कापला हो? सव्वीस वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर राबलात. कारखान्याच्या पटावर एक दिस तरी नाव लागलं का? खोटं सांगून तिला कशाला बुडवता? तुमचा एक टक्का बी कापला न्हाई, म्हणूनच दोन महिन्यांपासून आपल्या दोघांच्या बीपीच्या गोळ्या ही पोर आणून राहिली.”