फ्रीजपाशी अडलेलं व्याख्यान

रोटोटुनाच्या वाचनालयात आपण भाषण करणार आणि तेही हातात कागद न घेता, असं चंद्रहास नेन्यांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं, तेव्हा त्यांचा मुलगा शार्दूल टोस्टला बटर लावत होता.

"बाबा, चार मुद्दे तरी लिहून ठेवा."

"मुद्दे? अरे, पुण्यात आख्खी नोकरी मी या माणसावर काढली! मला झोपेतून उठवून विचार, साहेबाच्या कुठल्या नाटकातलं कुठलं वाक्य हवंय ते!"

साहेब म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातला लंडनचा एक नाटककार. कोटाला ताजं फूल, जिभेला धार. एकाच वाक्यात समोरच्याला वाकून नमस्कार करायचा आणि त्याची टोपीही उडवायची, ही त्याची खासियत. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या चंद्रहासरावांनी घरात त्याचं नाव इतक्यांदा घेतलं, की लग्नानंतर वर्षाच्या आत स्नेहलताबाईंनी त्याला 'तुमचा साहेब' करून टाकलं. पुढे सगळ्या घरात तेच नाव रुजलं.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला मुलाकडे मुक्कामाला आल्यापासून चंद्रहासरावांना करमत नव्हतं. सकाळी धुकं, दुपारी शांतता. फिरायला जावं तर रस्त्यावर बोलायला माणूस नाही, नुसत्या गाड्या! अशात वाचनालयातल्या नायरीबाईंशी ओळख झाली. 'तो अजूनही का आवडतो?' या विषयावर शनिवारी बोलाल का, असं बाईंनी विचारलं आणि चंद्रहासरावांची कॉलर कुत्र्याच्या कानासारखी टवकारली.

"मीही येते," स्नेहलताबाई म्हणाल्या. त्या बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या.

"ये की. पण कंटाळशील हो. त्याचा विनोद जरा वरच्या पट्टीतला आहे."

"मग मी उंच खुर्ची घेईन."

चंद्रहासरावांचं लक्ष नव्हतं. ते टाय शोधत होते.

शनिवारी हॉल चक्क भरला. बहुतेक मंडळी पिकल्या केसांची. पहिल्या रांगेत ग्रॅहम नावाचे उंच आजोबा बसले होते. ऐन थंडीत हाफ पँट आणि पायात जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल! ते हौशी नाटक मंडळी चालवत आणि सध्या साहेबाचंच एक नाटक बसवत होते. तिसऱ्या रांगेत शार्दूल आणि स्नेहलताबाई.

नायरीबाई "किया ओरा" असा माओरी भाषेत नमस्कार करून उभ्या राहिल्या आणि प्रास्ताविक करायला लागल्या. बाई भारी तयारीच्या! त्यांनी साहेबाचं एक वाक्य सांगितलं, लोक हसले. चंद्रहासरावांनी मनातल्या मनात ते आपल्या भाषणातून खोडलं. बाईंनी दुसरं सांगितलं. तेही खोडलं. तिसऱ्या वाक्याला तर चंद्रहासरावांना घामच फुटला, कारण त्यावर ते भाषण संपवणार होते!

टाळ्यांच्या गजरात ते उभे राहिले. डोक्यात एकही वाक्य नाही! आयुष्यभर तोंडपाठ असलेला साहेब ऐन वेळी कोट सावरत खिडकीतून निघून गेला होता.

"तो... तो अजूनही का आवडतो?" त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली. "कारण तो... तो लग्नाबद्दल म्हणतो..."

काय म्हणतो? हॉल वाट बघत होता. ग्रॅहम पुढे वाकले. आणि कुठूनसं एक वाक्य चंद्रहासरावांच्या जिभेवर आपसूक आलं.

"लग्न म्हणजे दोघांनी मिळून एकाच्या सवयी सांभाळणं!"

हॉल खदखदून हसला. चंद्रहासरावांना हायसं वाटलं. वाक्य कुठलं, हा विचार करायला सवड नव्हती, कारण पाठोपाठ दुसरं आलं.

"पटकन चिडणाऱ्या माणसाला भिऊ नये. जो अगदी वेळेवर चिडतो, त्याच्यापासून जपावं!"

पुन्हा हशा. एक आजी रुमालाने डोळे टिपायला लागल्या. चंद्रहासराव तापलेल्या तव्यासारखे रंगात आले.

"नवरा घरकामाला हात लावतो, तेव्हा माणसं दोन लागतात! एक काम करायला आणि एक कौतुक करायला!"

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला! फक्त तिसऱ्या रांगेतली दोघं हसत नव्हती. शार्दूलने आईकडे पाहिलं. आई समोर बघत होती.

इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण चढलेला वक्ता आणि उतारावरची सायकल, दोघांना ब्रेक आठवत नाही!

"आणि पुरुषांबद्दल तो म्हणतो," चंद्रहासराव गरजले, "भूक लागली की पुरुष फ्रीज उघडून असा उभा राहतो, जणू आता फ्रीजच त्याला विचारणार आहे, काय वाढू म्हणून!"

हशा सुरू झाला आणि अर्ध्यात थबकला. ग्रॅहमनी हात वर केला.

"प्रोफेसर, फार सुंदर! पण फ्रीज? त्याच्या काळात?"

चंद्रहासरावांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो रिकामा होता. तरी ते प्यायले.

"म्हणजे... बर्फाची पेटी. मी जरा आधुनिक भाषांतर केलं."

"इंग्रजीतून इंग्रजीत?"

"ते एका... एका खासगी पत्रात आहे."

"त्याची पत्रं मी सगळी वाचलीत हो," ग्रॅहम नम्रपणे म्हणाले. "त्यातल्या कुठल्या?"

चंद्रहासरावांनी रिकामा ग्लास पुन्हा उचलला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत स्नेहलताबाई उभ्या राहिल्या. स्वच्छ, शांत इंग्रजीत म्हणाल्या, "माफ करा. ते मी म्हटलं होतं. गेल्या मंगळवारी, स्वयंपाकघरात. आधीची तीनही माझीच."

चंद्रहासरावांनी डोळे मिटले. आता जमीन दुभंगली तर बरं, न्यूझीलंडची जमीन तशी हलतेही अधूनमधून!

आणि हॉल फुटला! लोक टाळ्या वाजवत उभेच राहिले. सगळ्यांची समजूत झाली, की नवराबायकोने मिळून बसवलेला हा प्रवेशच आहे! ग्रॅहम तर उडालेच. "काय कल्पना आहे! तो का टिकला? कारण त्याची वाक्यं घराघरांत अजून जन्माला येतायत! कसं सिद्ध करून दाखवलंत!"

"अहो, पण खरंच मी..." स्नेहलताबाई म्हणाल्या, त्यावर आणखी हशा.

चहाच्या वेळी त्यांच्याभोवती घोळका जमला. चंद्रहासरावांना नायरीबाईंनी गोड आवाजात खुर्च्या रचायला मदत मागितली.

घरी जाताना गाडी शार्दूल चालवत होता. चंद्रहासराव पुटपुटले, "ऐन वेळी काही आठवेना गं. तुझंच आठवलं."

"घरात म्हटलं तेव्हा एकदाही हसला नाहीत."

"हसलो नाही खरा."

"पण शब्द न् शब्द पाठ आहे." स्नेहलताबाईंनी खिडकीकडे तोंड वळवलं. "म्हणजे ऐकत होतात तर." त्यांचा आवाज जरा निराळा लागला. शार्दूलने उगाच आरसा नीट केला.

"आई, ते ग्रॅहम तुला काय सांगत होते एवढं?"

"त्यांच्या नाटकात खडूस आत्याचं काम करणारी बाई सोडून गेली म्हणे. मला विचारलं. मी हो म्हटलं. मंगळवारपासून तालीम."

"तू? नाटकात?" चंद्रहासराव ताडकन सरळ बसले. "अगं, ती भूमिका म्हणजे... आणि मला काही म्हणाले नाहीत ते?"

"म्हणाले ना. बटलर हवाय त्यांना."

"वाक्यं किती आहेत?"

"एकही नाही. दार उघडायचं, आत्याबाईंना आत घ्यायचं आणि गप्प उभं राहायचं."

चंद्रहासराव बाहेरच्या धुक्याकडे बघत राहिले. सिग्नल लागला, सुटला. मग खाकरून त्यांनी हळूच विचारलं,

"उभं... कुठल्या बाजूला राहायचं, काही बोलले का?"