सासऱ्याची पावती

"धूर करणारा माझा सख्खा सासरा असला, तरी पावती फाडीन!"

ओमप्रकाशरावांनी हे वाक्य नगरपंचायतीच्या पायरीवर उभं राहून, छाती फुगवून, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हटलं. ही नगरपंचायत पालमच्या रस्त्याला आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण ओमप्रकाशराव अजून तिथंच नोकरीला आहेत.

झालं असं, की सरकारनं हवा स्वच्छ करायचं मनावर घेतलं. धुरानं लेकरांना दमा लागतो, म्हाताऱ्यांचा खोकला हटत नाही, म्हणून हुकूम निघाला : उघड्यावर कचरा जाळायचा नाही, चौकात कोळसा पेटवायचा नाही, नाही तर दंडाची पावती. नगरपंचायतीच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं आणि खाली भिंतीवर आकड्याची पाटी लागली. आकडा हिरवा म्हणजे हवा चांगली, लाल म्हणजे वाईट. जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार होते. पाटी हिरवी दिसली, तर स्वच्छ हवेचं काम बघणाऱ्या ओमप्रकाशरावांचा जागेवरच सत्कार! शाल, श्रीफळ, फोटो!

या शालीसाठी ते उगाच झुरत नव्हते. त्यांचे थोरले साडू तलाठी. सासुरवाडीला, वालूरला गेलं की तलाठीसाहेबांना गादी, लोड आणि पंखा. आणि ओमप्रकाशरावांना डुगडुगणारी खुर्ची! सासऱ्यांनी, म्हणजे पंडितमामांनी, एकदा तरी आपल्याला मानावं, एवढंच त्या माणसाचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी मामांना सत्कार बघायला खास बोलावलं.

"अहो, आधी शाल अंगावर पडू द्या, मग फुगा," बायको शिवकन्या म्हणाली खरी, पण तिनंही भारीतली साडी इस्त्रीला टाकली होती.

पाहणीच्या दिवशी मामा सकाळच्या एस.टी.नं उतरले. हातात पिशवी, अंगात बंडी. ओमप्रकाशरावांनी त्यांना थेट गच्चीवर नेलं.

"मामा, हेच ते यंत्र! तुमी इथं सावलीला बसा आन् याची काळजी घ्या. माझी सगळी इज्जत याच्यात हाय."

"तुमी बिनघोर जावा, जावईबापू!"

ओमप्रकाशराव खाली येऊन बघतात, तर हिरवा आकडा पिवळा! त्यांनी चौकभर नजर फिरवली. समोर पार्वतीबाईंच्या हॉटेलात कोळशाची शेगडी!

"पार्वतीबाई, शेगडी जप्त!"

"अवो सायेब, तिच्यावर तुमचाच चहा उकळायलाय!"

"कायदा म्हंजे कायदा! नागेश, उचल!"

शिपाई नागेशनं दोन फडक्यांत धरून शेगडी उचलली. "ठेवू कुठं? हापिसात फायली हायत, पेटतील की!"

"गच्चीवर ने!"

थोड्या वेळानं आकडा लाल झाला. ओमप्रकाशरावांनी भजीवाल्याची भट्टी गच्चीवर पाठवली. आकडा आणखी वर! मग इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री जप्त झाली. पाच मिनिटांत शिवकन्या साडी घेऊन हजर.

"अर्धी कडक आन् अर्धी चुरगळलेली! आता मी अर्धीच येऊ का सत्काराला?"

ओमप्रकाशरावांचे डोळे पाटीवरच खिळले होते. जेवढं जप्त करावं, तेवढा आकडा चढत होता! चौकात चहा नाही, भजी नाही, त्यामुळे रिकामं झालेलं सगळं गाव पाटीखाली जमलं होतं. तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेबांनी पाटी बघितली, मग मान वर केली.

"गच्चीवर काय पेटलंय?"

सगळे जिन्याकडं पळाले. वर यंत्राला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूचा हार. भोवती शेगडी, भट्टी आणि उघडी इस्त्री. तिन्हीतल्या निखाऱ्यांवर ऊद, आणि त्या धुरात लाल डोळ्यांचे पंडितमामा टोपीनं वारा घालत खोकत होते.

"या, जावईबापू! नवी मशीन, आन् कुणी साधी पूजा केलेली न्हाई! आल्या आल्या पिशवीतली उदबत्ती लावली. मग खालून तुमचं वरडणं ऐकू आलं. म्हनलं, कोपलीय ही. टाकत ऱ्हायलो ऊद."

"मामा! धूर करायलाव तुमी!"

"निखारे तर तुमीच पाठवायलाव की!" मामा खोकत जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचा सत्कार व्हावा म्हून नवस बोललोय. थोरल्यासाठी कधी बोललो न्हाई."

ओमप्रकाशरावांचे डोळे भरून आले. सगळंच पाणी धुराचं नव्हतं.

"कोण आहेत हे?" साहेबांनी विचारलं.

ओमप्रकाशराव डोळे पुसू लागले. जिन्यातून पार्वतीबाईंचा खणखणीत आवाज आला.

"सख्खा सासरा हाय, सायेब! फाडा म्हनावं पावती!"

ओमप्रकाशरावांनी पावती फाडली. मामांनी ती घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि तडक एस.टी. धरली. शाल, श्रीफळ आल्या पावली जीपमधून परत गेलं. ओमप्रकाशरावांनी वालूरला जायचं नावच टाकलं.

दिवाळीला शिवकन्येनं त्यांना ओढत नेलं, तर दारातच मामा शेजाऱ्याला सांगत होते, "सख्ख्या सासऱ्याला सोडलं न्हाई! असा जावई तालुक्यात दाखवा!"

त्या दिवशी ओमप्रकाशरावांना गादी मिळाली. लोड मिळाला, पंखाही मिळाला. टेकून त्यांनी समोर बघितलं. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये त्यांच्या सहीची पावती होती, आणि तिच्याखाली मामांनी मूठभर उदबत्त्या लावल्या होत्या!